आवाज वाढवू नका: गुरेत्स्कींच्या तिसऱ्या सिंफनीविषयी अनुभवाचे बोल

हेन्रिक गुरेत्स्की यांची तिसरी सिंफनी सुमारे चोपन्न मिनिटांची आहे. तिचे तीन भाग, आणि तिन्ही संथ. मोठा ऑर्केस्ट्रा, एक सोप्रानो गायिका आणि तीन शोकगीतं एवढा तिचा ऐवज. नावही तेच, ‘शोकगीतांची सिंफनी’. गुरेत्स्कींनी ती १९७६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत दक्षिण पोलंडमधल्या कातोवित्से या कोळशाच्या शहरात लिहिली. २०१० साली ते इथेच वारले. माझी नोकरी याच शहरात आहे. ही सिंफनी इथे मधूनमधून लागते आणि लागली की मी जाते. सुट्टीत कोल्हापूरला आले की मैत्रिणी विचारतात, “तासभर ते रडगाणं ऐकतेस कशी गं?” त्यांना तोंडी सांगून थकले, म्हणून आता लिहून काढते.

१. सुरुवात ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका.

सिंफनी सुरू होते ती डबल बासमधून, अगदी खर्जात आणि अगदी हलक्या आवाजात. बसमध्ये किंवा पंख्याखाली ती ऐकूच येत नाही. मग हात आपोआप मोबाइलकडे जातो आणि आवाज वाढतो. पुढच्या दहाबारा मिनिटांत तंतुवाद्यं भरत जातात आणि तोच वाढवलेला आवाज कानठळ्या बसवतो. वैतागून माणूस ती बंद करतो आणि पुन्हा लावत नाही.

खरं तर त्या मिनिटांत कान देऊन ऐकण्यासारखं खूप काही चाललेलं असतं. बास चोवीस बारची एक चाल वाजवतात. एका जुन्या पोलिश धार्मिक लोकगीतावरून घेतलेली ही चाल आपल्या कानाला परकी वाटत नाही, कारण स्वर आसावरी थाटाचे आहेत. चाल पुरी झाली की बास ती पुन्हा धरतात, आणि थोड्या अंतराने वाद्यांचा दुसरा गट तीच चाल पाच स्वर वरून सुरू करतो. मग तिसरा गट, मग चौथा. बासकडून चेलोकडे, चेलोकडून व्हियोलाकडे, तिथून व्हायोलिनकडे. आलेला कोणी थांबत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागेवरून तीच चाल वाजवत राहतो. पाश्चात्त्य संगीतात याला कॅनन म्हणतात. ही जुनी, शेकडो वर्षांपासून चालत आलेली युक्ती आहे. गुरेत्स्कींनी ती इतकी सावकाश चालवली आहे की नवा गट कधी आला हे नेमकं सांगता येत नाही. आवाज दाट झालेला मात्र जाणवतो.

मग हे सगळे गट एकाच स्वरावर येऊन मिळतात आणि सुमारे तेरा मिनिटांनी गायिकेचा पहिला स्वर येतो. तिचं गाणं शिगेला पोचतं, तंतुवाद्यं पुन्हा भरभरून वाजू लागतात, आणि आले त्याच्या उलट क्रमाने एकेक गट गळत जातो. शेवटी पुन्हा बास उरतात. पहिला भाग असा सव्वीसएक मिनिटांचा आहे. हे घरी ऐकायचं तर रात्री, पंखा बंद करून ऐका. आवाज बेताचा ठेवा, आणि बास ऐकू येईनात तर मोबाइलपेक्षा खोली बदला.

२. तिकीट काढताना बास दिसतील अशी जागा निवडा.

इथला राष्ट्रीय रेडिओ ऑर्केस्ट्रा ज्या सभागृहात वाजवतो ते २०१४ साली उघडलं. जागा एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीची. बाहेरून विटांचे उंच खांब आणि त्यांच्या आतल्या कडांना लाल रंग. शहरातल्याच निकिशोव्हिएत्स या खाणकामगारांच्या जुन्या वसाहतीत खिडक्यांच्या कडा अशाच लाल रंगवलेल्या असतात, तो रंग वास्तुरचनाकाराने इथे आणला. आत अठराशे खुर्च्या आहेत. बहुतेक लोक गायिका समोरून दिसावी म्हणून मधल्या जागांसाठी धडपडतात. मी वरच्या बाल्कनीतली, बासवाल्यांच्या समोरच्या बाजूची जागा घेते. तिथून त्यांचे हात दिसतात.

इतक्या लांब स्वराला एक गज पुरत नाही. म्हणून बासवाले आपसात समजून वेगवेगळ्या वेळी गज परतवतात. एकाचा गज टोकाला पोचून माघारी फिरतो तेव्हा शेजारच्याचा अजून अर्ध्यावर असतो, मागच्याचा नुकताच निघालेला असतो. ऐकणाऱ्याला सूर अखंड लागतो. एकदा एक तरुण बासवादक गज तारेवर टेकवण्याआधी क्षणभर श्वास धरताना दिसला. हलक्या आवाजात सुरुवात करताना गज किंचित जरी घसरला तरी अठराशे माणसांना कळणार. ‘यात वाजवायला आहे काय, चारच तर सूर’ असं ज्याला वाटतं त्याने हे हात एकदा पाहावेत.

उलट ट्रॉम्बोनवाले कितीतरी वेळ वाद्य मांडीवर ठेवून बसलेले असतात. या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट नाही, ओबो नाही, तालवाद्य एकही नाही. आहेत त्या फुंकवाद्यांनाही काम बेताचंच. कलाकार पगार घेऊन गप्प बसतात, असा विनोद माझ्या एका सहकाऱ्याने केला होता. तसं गप्प बसणं किती अवघड असतं ते त्या बाकावर बसल्याशिवाय कळायचं नाही.

३. कोट आणि खोकला दोन्ही बाहेर ठेवून या.

कोट बाहेर जमा करण्याची पद्धत इथे कडक आहे. खोकल्याचं मात्र कोणी ऐकत नाही. हिवाळ्यात पहिला भाग संपला की अख्खं सभागृह इतक्या वेळचं तुंबलेलं एकदम खोकून घेतं.

४. यात विलंबित ख्याल शोधू नका.

आपल्याकडून आलेला प्रत्येक जण हे करतो. संथ आहे, एकच चाल पुन्हा पुन्हा येते, खाली आधारस्वर आहे, म्हणजे हा आपला ख्यालच झाला की! मला ही तुलना पटत नाही. ख्यालात गायक त्याच वेळी ठरवत असतो, आणि पुढे कुठे जाईल याची उत्सुकता ऐकणाऱ्याला धरून ठेवते. समेवर आला की मान हलते. इथे सगळं लिहिलेलं आहे. वाजवणाऱ्याला एक मात्राही इकडची तिकडे करता येत नाही. ताल नाही, सम नाही, दाद द्यायला जागा नाही. पुढे काय येणार हे पहिल्या काही मिनिटांतच कळलेलं असतं, आणि तरीही ते यायला वेळ लागतो. ख्यालाच्या अपेक्षेने बसलात तर वीस मिनिटांत चुळबुळ सुरू होईल.

५. गीतांचा अर्थ आधी वाचून जा.

इथे मी जरा हट्टी आहे. ‘भाषा कळली नाही तरी भावना पोचते’ हे मला मान्य नाही. निदान या सिंफनीपुरतं तरी नाही. भावना पोचते ती गोळाबेरीज दुःखाची, आणि गुरेत्स्कींनी निवडलेली तीन दुःखं एकमेकांपासून पुष्कळ वेगळी आहेत.

पहिलं गीत पंधराव्या शतकातलं, एका मठातल्या संग्रहातलं. क्रुसावरच्या मुलाशी मरिया बोलते आहे. तुझ्या जखमांतला वाटा मला दे, एवढीच तिची मागणी. तिसरं गीत ओपोले भागातलं लोकगीत आहे. तिथल्या लोकबोलीतलं. बंडात गेलेला मुलगा परतलेला नाही, आई त्याला शोधते आहे आणि त्याचा देहसुद्धा तिला सापडत नाही. ओपोले आणि कातोवित्से दोन्ही ज्यात येतात तो सायलेशियाचा पट्टा पहिल्या महायुद्धानंतर १९१९ ते १९२१ या काळात तीन उठावांतून गेला. त्यामुळे कातोवित्सेतल्या माणसाला ते कुठल्यातरी आईचं गाणं वाटत नाही, घरातलं वाटतं.

आणि मधलं, दुसरं. झाकोपाने हे पोलंडच्या दक्षिण टोकाला डोंगरातलं पर्यटनाचं गाव. तिथल्या ‘पॅलेस’ नावाच्या इमारतीत दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोचं (नाझी गुप्त पोलिसांचं) मुख्यालय होतं आणि तळघरात कोठड्या होत्या. १९४४ च्या सप्टेंबरात हेलेना ब्वाझुशाकूवना या अठरा वर्षांच्या मुलीने कोठडीच्या भिंतीवर चार ओळी लिहिल्या. त्यांत तिने आईला रडू नको म्हणून सांगितलं आणि स्वर्गाच्या राणीला आपला सांभाळ करायला विनवलं. गुरेत्स्कींनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की त्या भिंतींवर बाकीच्यांनी लिहिलेलं बरंचसं आक्रोशाचं होतं, निरपराध असल्याचं होतं, खुन्यांना शिव्याशाप देणारं होतं. ही मुलगी सूड मागत नाही, स्वतःसाठी रडत नाही. तिला आईची काळजी. गुरेत्स्कींना तेच भिडलं.

तिन्ही गीतं एका ओळीत ठेवली की बांधणी दिसते. आई मुलाला, मुलगी आईला, पुन्हा आई मुलाला. गुरेत्स्की दोन वर्षांचे झाले त्याच दिवशी त्यांची आई गेली होती. ही सिंफनी त्यांनी पत्नी याद्विगा यांना अर्पण केली. आईच्या आठवणीसाठी ती लिहिली असं मी म्हणणार नाही, कारण कलाकृतीचं असं सरळ कारण काढणं मला आवडत नाही. पण आई कधी गेली हे माहीत असलं तर तिसरा भाग वेगळा ऐकू येतो, एवढं खरं.

६. दुसरा भाग ऐकताना षड्ज धरा.

जे थोडंफार गाणं शिकलेत त्यांच्यासाठी हा बोल. दुसरा भाग ‘ए’ आणि ‘ई’ या दोन स्वरांच्या आधारावर उघडतो. ‘ए’ला सा मानलं तर हे सरळ सा आणि प. त्यावर एक छोटी स्वरावली येते: प, शुद्ध नी, शुद्ध ध. किती मोकळी आणि उजळ! डोंगरातल्या सकाळीसारखी. झाकोपानेच्या डोंगराळ मुलखाचं संगीत गुरेत्स्कींच्या आवडीचं होतं, पुढे त्याच परिसरात त्यांनी घरही केलं.

आणि मग काही कळायच्या आत आधार खाली कोसळतो. खर्जात दोन स्वर लागतात. आपल्या मोजणीने ते कोमल रे आणि शुद्ध ग आहेत, पण सा-प निघून गेलेले असल्यामुळे त्यांना धरायला काही उरत नाही. मनात सा धरून ठेवला असेल तरच हे कोसळणं कळतं. उजेड आणि खड्डा असं एकाआड एक चालतं, त्यात मुलीचा आवाज येतो. शेवटी ती ‘आवे मारिया’चे आरंभीचे शब्द एकाच स्वरावर दोनदा म्हणते आणि तंतुवाद्यं शेवटचा स्वरमेळ दीडेक मिनिट तसाच धरून ठेवतात. तो विरत नाही. एका पातळीवर राहतो आणि थांबतो. नऊ-दहा मिनिटांचा हा भाग तिन्हींत सर्वांत लहान.

७. हिला छळछावणीची सिंफनी म्हणू नका.

ऑशविट्झची छळछावणी कातोवित्सेहून तासाभराच्या आत आहे. तिथे चित्रित केलेली दृश्यं या सिंफनीबरोबर दाखवणारा एक माहितीपट १९९३ साली आला, आणि तेव्हापासून पाहुण्यांच्या डोक्यात हे दोन्ही एक झालंय. गुरेत्स्कींच्या स्वतःच्या घरातली माणसं नाझी छावण्यांत गेली होती. तरी या सिंफनीतल्या तीन गीतांपैकी एकही छळछावणीतलं नाही. एक मठातलं, एक तुरुंगाच्या भिंतीवरचं, एक गावातलं. युद्धाची सिंफनी म्हणून ऐकायला बसलं की पहिल्या आणि तिसऱ्या भागाकडे दुर्लक्ष होतं, आणि तिची पाऊणपेक्षा जास्त लांबी तर त्याच दोन भागांत आहे.

याच जागी कोल्हापूरचा विषय काढते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात नेलं होतं. तिथून फिरत फिरत ती आमच्या पंचगंगेच्या काठी आली. कुणाचे नवरे आघाडीवर, कुणाची मुलं वाटेत गेलेली. कातोवित्सेतल्या एखाद्या वयस्कर माणसाला ‘मी कोल्हापूरची’ म्हटलं की कधीकधी ओळख पटते. या सिंफनीचा आणि वळिवड्याचा थेट संबंध काही नाही. पण तिसऱ्या गाण्यातली आई ऐकताना कोल्हापूरच्या माणसाला त्या बायका आठवल्या तर ते ओढूनताणून म्हणता येणार नाही.

८. ‘मिनिमल’चा अर्थ सोपं असा घेऊ नका, आणि समीक्षकांचाही धसका घेऊ नका.

१९७६ हे वर्ष मोठं गमतीचं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह राइश यांची ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ पहिल्यांदा वाजली, त्याच वर्षी एस्टोनियात आर्वो पार्ट यांनी काही वर्षांच्या मौनानंतर ‘फ्युर आलिना’ हा पियानोचा छोटा तुकडा लिहिला, आणि इथे ही सिंफनी. तिघांनी एकमेकांचं पाहून लिहिलं नव्हतं. राइश यांच्या संगीतात ठोका आहे, तो तुम्हाला पुढे ढकलतो. गुरेत्स्कींकडे ठोकाच नाही. दोघांना एकाच ‘मिनिमलिझम’च्या, म्हणजे मोजक्या सामग्रीच्या संगीताच्या, पेटीत घालणं ही दुकानदारांची सोय. पुढे गुरेत्स्की आणि पार्ट यांच्यासाठी ‘पवित्र मिनिमलिझम’ अशी वेगळी पेटीही निघाली, तीही तसलीच.

मुळात गुरेत्स्की हे अतिनवतावादी म्हणून गाजलेले. १९६० सालची त्यांची ‘स्कोंत्री’ ऐका, कानावर आदळते. अशा माणसाने १९७७ च्या ४ एप्रिलला फ्रान्समधल्या र्वायाँ इथल्या नवसंगीताच्या महोत्सवात ही सिंफनी सादर केली तेव्हा जाणकारांना ती माघार वाटली. एर्नेस्ट बूर संचालन करत होते आणि स्तेफानिया वोइतोविच गात होत्या. शेवटी एकच ‘ए मेजर’ स्वरमेळ पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा शेजारी बसलेल्या एका बड्या फ्रेंच संगीतकाराने मोठ्याने शिवी हासडली, असं गुरेत्स्कीच नंतर सांगत. जर्मन समीक्षकांनीही झोडपलं.

त्या समीक्षकांना ऐकू आलं नाही असं काय होतं? माझ्या मते तिसरा भाग. त्याची साथ दोन स्वरमेळांच्या झुलण्यावर उभी आहे, आणि ते घेतले आहेत शोपँच्या एका माझुर्काच्या (पोलिश नृत्यरचनेच्या) सुरुवातीवरून. पोलिश कानाला ही खूण लगेच पटते. त्या झुल्यावर लोकगीताची कडवी येतात. आधीची मायनरमध्ये, शोधणारी. मग आई मुलाला शोधायचं सोडते आणि पाखरांना, फुलांना त्याच्याभोवती जमायला सांगते, तेव्हा स्वर मेजरमध्ये जातात. आनंद झालेला नाही, मुलगा मिळालेला नाही. सतरा मिनिटांच्या या भागात एवढा एकच बदल महत्त्वाचा, आणि त्यासाठी आधीची सगळी पुनरावृत्ती लागते. कमी सामान घेतलं की प्रत्येक वस्तूवर वजन येतं, हे गुरेत्स्कींना पक्कं ठाऊक होतं.

९. खपली म्हणून नाक मुरडू नका. पण झोपायलाही वापरू नका.

सिंफनी पंधरा वर्षं जवळपास पोलंडबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. १९९२ साली डॉन अपशॉ यांच्या गायनाचं आणि डेव्हिड झिनमन यांच्या संचालनाखालचं लंडन सिंफोनिएटाचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या क्लासिक एफएम या रेडिओने ते भरपूर वाजवलं, आणि ते पॉप गाण्यांच्या अल्बमांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. हयात संगीतकाराच्या सिंफनीला असं भाग्य जवळजवळ मिळतच नाही.

त्यावर इथल्या संगीतशिक्षितांतले काही अजूनही ओठ मुडपतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मला खटकतं ते वेगळंच. दुसरा भाग तेवढा कापून ‘शांत झोपेसाठी’ म्हणून केलेल्या यादीत पावसाच्या आवाजाशेजारी टाकलेला मी ऐकलाय. कोठडीच्या भिंतीवर मुलीने आईला लिहिलेलं आहे ते. ज्याला झोप येत नाही त्याने खुशाल दुसरं काही लावावं.

१०. पहिलं ध्वनिमुद्रण कोणतं?

अपशॉ यांचं स्वच्छ आहे, आवाज पारदर्शक आहे, आणि बहुतेकांना तेच आवडतं. पोर्टिसहेड या बँडच्या गायिका बेथ गिबन्स यांनी पेंडेरेत्स्की यांच्या संचालनाखाली इथल्याच ऑर्केस्ट्राबरोबर २०१४ साली गायलेलं २०१९ मध्ये निघालं. आवाज शिकवलेल्या सोप्रानोचा नाही, पोलिश भाषाही त्यांची नाही. वरच्या स्वरांवर त्यांचा आवाज ताणला जातो, आणि मला ते आवडतं, पण सुरुवात त्याने करू नये. सुरुवात करावी स्तेफानिया वोइतोविच यांच्या १९७८ च्या ध्वनिमुद्रणाने. संचालक येझी कात्लेविच, ऑर्केस्ट्रा कातोवित्सेचा. पहिल्या प्रयोगात गायलेली बाई, गीतांची भाषा तिची स्वतःची, आणि व्यावसायिक गोडवा शून्य. मुंबईत कधी ही सिंफनी लागली तर बाल्कनीतलं, बास समोर दिसतील अशा बाजूचं तिकीट काढा, आणि शेवटचे स्वरमेळ वाजत असताना गाडी गाठायला उठू नका.